नाहीसे झाले, की नष्ट झाले?

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटन या जुन्या बंदराजवळ, हॅनाहन नावाचे गाव आहे. तेथे विमानांच्या इंधनाचा साठा करण्यासाठी उभारलेल्या अवाढव्य टाक्यांच्या आवारात १९७५ साली गळती होऊन रॉकेलच्या जातीचे सुमारे ८०,००० गॅलन, म्हणजे आपल्या मापाने तीन लाख लिटर, इंधन बाहेर पडले. तातडीचे इलाज झाले, फैलाव आवरण्यात आला, आणि जे वर दिसत होते त्याचा बंदोबस्त झाल्यामुळे प्रकरण मिटले असे कोणाला वाटले असते तर त्यात नवल नव्हते. परंतु तेथील जमीन वाळूची आणि भूजल उथळ असल्याने इंधनाचा काही अंश खाली मुरला, पाण्याच्या पातळीपर्यंत जाऊन पोचला, आणि त्यातील बेंझीनसारखी विषारी द्रव्ये भूजलाच्या संथ प्रवाहाबरोबर शेजारच्या वस्तीच्या दिशेने निघाली. ती वस्तीखाली पोचली १९८५ साली. दहा वर्षांच्या या प्रवासात जमिनीच्या वर कोणाला काहीही दिसले नव्हते.

भूजलाच्या दूषणाचा स्वभावच असा आहे. नदीत तेल सांडले की तवंग दिसतो, मासे तरंगतात, वर्तमानपत्रात मजकूर येतो. जमिनीत सांडलेले तेल मात्र प्रथम मातीच्या कणांना चिकटत चिकटत खाली उतरते, आणि पाण्याहून हलके असल्यामुळे भूजलाच्या माथ्यावर थर धरून राहते. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर चढली की ते वर चढते, उन्हाळ्यात उतरली की खाली उतरते, आणि प्रत्येक फेरीत आपला काही भाग वाळूच्या फटींत अडकवून ठेवते. या अडकलेल्या तेलातून बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन आणि झायलीन ही चार भावंडे थोडी थोडी पाण्यात विरघळत राहतात. त्यांत बेंझीन सर्वांत कुप्रसिद्ध, कारण ते रक्ताच्या कर्करोगास कारण होते. आणि शुद्ध बेंझीन एका लिटर पाण्यात सुमारे १,८०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळू शकत असताना जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचविलेली मर्यादा लिटरमागे एका मिलिग्रॅमचा शंभरावा हिस्सा एवढीच आहे. म्हणजे अडकलेले तेल अगदी थोडे असले तरी ते फार मोठ्या पाण्याची नासाडी करू शकते, आणि तीही वर्षानुवर्षे. पंप लावून ते पाणी उपसावे, स्वच्छ करावे, हा सर्वांना प्रथम सुचणारा उपाय; पण पंप बंद केला की फटींतले तेल पुन्हा पाझरू लागते, विहिरीतले आकडे पुन्हा चढतात, आणि केलेला खर्च पाण्यात गेला असे म्हणण्याची पाळी अक्षरशः येते.

या अडचणीतून जी वाट निघाली ती जिवाणूंची. पेट्रोलियम हे अखेर प्राचीन काळच्या सेंद्रिय द्रव्याचेच रूपांतर असल्यामुळे त्यातील कर्बावर गुजराण करणारे जिवाणू पृथ्वीवर जवळजवळ सर्वत्र आहेत. ते बाहेरून आणावे लागत नाहीत, त्यांना फक्त कामाला अनुकूल परिस्थिती लागते. १९७२ साली पेनसिल्व्हेनियातील अँब्लर गावी पेट्रोलच्या नळातून गळती झाली, तेव्हा सन ऑइल कंपनीचे शास्त्रज्ञ रिचर्ड रेमंड यांनी विहिरींतून जमिनीत हवा आणि नत्र-स्फुरदाची खते सोडून तेथल्याच जिवाणूंकडून हे काम करवून घेण्याचा प्रयोग केला, आणि दोन वर्षांनी या पद्धतीचे पेटंटही घेतले. जमिनीतल्या जमिनीत केलेल्या अशा शुद्धीकरणाचा आरंभ बहुतेक जाणकार येथूनच धरतात. येथे एक विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. पुढे १९८० साली आनंद मोहन चक्रवर्ती या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने घडविलेल्या तेलभक्षक जिवाणूला पेटंट देता येईल असा फैसला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी दिला, आणि तेव्हापासून तेल खाणारा जिवाणू म्हणजे प्रयोगशाळेत जन्माला घातलेला कोणी राक्षस, अशी लोकांची समजूत होऊन बसली. वस्तुतः तो जिवाणू कधीही तेलाच्या गळतीवर सोडण्यात आला नाही. जी काही कामगिरी आजवर झाली ती बहुतांशी त्या त्या मातीतल्या अनामिक रहिवाशांनी केली आहे.

या रहिवाशांना सर्वांत प्रथम हवा असतो प्राणवायू, आणि नेमका त्याचाच जमिनीखाली दुष्काळ असतो. हिशेब साधा आहे. एक ग्रॅम बेंझीनचे संपूर्ण ज्वलन, मग ते चुलीत होवो की जिवाणूच्या देहात, व्हायचे तर सुमारे तीन ग्रॅम प्राणवायू लागतो. आणि वीस अंश तपमानाच्या पाण्यात, हवेशी पूर्ण संपर्क असतानासुद्धा, लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो. तात्पर्य, एक लिटर ताज्या पाण्यातला सगळा प्राणवायू खर्ची पडला तरी त्यातून तीन मिलिग्रॅम बेंझीन नष्ट होणार. तेल साचलेल्या ठिकाणी तो केव्हाच संपलेला असतो. मग कोणी हायड्रोजन पेरॉक्साइड जमिनीत सोडून पाहिले, कारण ते पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते आणि फुटून प्राणवायू देते. मिशिगनमधील ट्रॅव्हर्स सिटी येथे, अमेरिकन तटरक्षक दलाच्या विमानतळाखाली विमानाचे पेट्रोल मुरले होते तेथे, १९८०च्या दशकात हा प्रयोग झाला. पेरॉक्साइडची खोड अशी की जिवाणूंच्या विकरांनी आणि मातीतल्या लोहामुळे ते फार लवकर फुटते, आणि प्राणवायूचे बुडबुडे विहिरीच्या तोंडाशीच निसटून जातात. सुदैवाने प्राणवायू संपला म्हणून जिवाणूंचा व्यवहार थांबत नाही. काही जाती नायट्रेटवर श्वास घेतात. ते संपले की मँगॅनीज, मग मातीच्या कणांवरचा गंजासारखा लोहाचा लेप, मग सल्फेट, आणि अगदी शेवटी कार्बन डायऑक्साइडचाच मिथेन करून निर्वाह करणाऱ्या जातींचा अंमल सुरू होतो. ही उतरंड जसजशी खाली जाते तसतसे काम मंदावते, आणि बेंझीन तर प्राणवायूवाचून मोठ्या नाखुशीने तुटते.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. एखाद्या कारखान्याच्या आवारात खते सोडली, हवा सोडली, आणि सहा महिन्यांनी निरीक्षण विहिरीतल्या बेंझीनचा आकडा निम्म्यावर आला, तर जिवाणूंनी ते खाल्ले असे म्हणता येईल काय? कारखान्याचा मालक होय म्हणेल, कंत्राटदार तर शपथेवर होय म्हणेल. पण पाऊस चांगला होऊन पाणी वाढल्यामुळे ते विरळ झाले असेल. मातीतल्या सेंद्रिय अंशाला चिकटून बसले असेल. हवा फुंकली त्या हवेबरोबर उडून गेले असेल, म्हणजे जमिनीतली पीडा आकाशात गेली असेल. किंवा दूषित पाण्याचा पट्टाच थोडा कुशीवर वळून विहिरीला चुकवून पुढे निघाला असेल, आणि ही शक्यता सर्वांत भयंकर. या प्रत्येक बाबतीत विहिरीतला आकडा उतरतोच, आणि नष्ट मात्र काहीही झालेले नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने ब्रूस रिटमन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९९३ साली यावर जो अहवाल दिला त्यात तीन प्रकारचा पुरावा एकत्र मागितला आहे: दूषक द्रव्य खरोखर घटल्याची नोंद, तेथील जिवाणूंमध्ये ते तोडण्याची कुवत आहे हे प्रयोगशाळेतले सिद्धत्व, आणि ती कुवत जमिनीखाली प्रत्यक्षात वापरली जात आहे याचा एखादा तरी दाखला. पहिल्या दोन गोष्टी पैसा आणि चिकाटी असली की साधतात. सगळी खरी कसोटी तिसरीत आहे.

प्रयोगशाळेच्या पुराव्याविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. जागेवरून माती आणि पाणी, शक्यतो हवेचा स्पर्श होऊ न देता, बाटल्यांत भरून आणतात. काही बाटल्यांत विष घालून किंवा वाफेच्या दाबाखाली उकळून सर्व जीव मारून टाकतात, काही तशाच ठेवतात, आणि मोजलेले बेंझीन दोहोंत घालून वाट पाहतात. मेलेल्या बाटलीत जेवढे घटले तेवढे चिकटण्याने आणि उडण्याने घटले; जिवंत बाटलीत त्याहून जे अधिक घटले ते जिवाणूंचे काम. पद्धत निर्दोष दिसते, परंतु बाटलीत माती ढवळली जाते, ऊब मिळते, अन्न समप्रमाणात मिसळते. जमिनीखाली यांतले काहीच नसते, आणि म्हणून बाटलीतला वेग आणि जमिनीतला वेग यांत कितीतरी पट तफावत पडू शकते. बाटलीच्या आकड्यावर जमिनीचे वेळापत्रक आखणाऱ्या अहवालांविषयी मला तरी विश्वास वाटत नाही.

जमिनीतच प्रयोग करावा तर तो कसा, याचे एक सुंदर उदाहरण कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, बॉर्डन येथील लष्करी तळावर, वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी घालून दिले. त्यांनी बेंझीन, टोल्युइन आणि झायलीन मुद्दाम विरघळविलेले सुमारे १,८०० लिटर पाणी वाळूच्या उथळ जलधरात, म्हणजे भूजल धरून ठेवणाऱ्या थरात, सोडले, त्यात क्लोराइडही घातले, आणि पुढच्या वाटेवर नमुने घेण्याच्या नळ्यांचे दाट जाळे पेरून ठेवले. क्लोराइडला जिवाणू खात नाहीत, माती धरून ठेवत नाही, ते हवेत उडत नाही. ते पाण्याबरोबर जाते एवढेच. त्यामुळे जेथे क्लोराइड पोचले आणि पूर्ण भरले तेथे पाणी पोचले यात संशय उरत नाही, आणि त्याच पाण्यातून बेंझीन मात्र गळून पडले असेल तर ते विरळ होण्याने गळले अशी पळवाट राहत नाही. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे ४३४ दिवसांच्या आत सोडलेले तिन्ही पदार्थ जवळजवळ पूर्णपणे संपले होते, आणि त्यांत बेंझीन सर्वांत शेवटपर्यंत टिकले. जमाखर्चाची वही अशी नेटकी जुळण्याचे भाग्य फारच थोड्यांना लाभते.

कारखान्याच्या आवारात हे जमत नाही. तेथे किती तेल सांडले याचा विश्वसनीय आकडा बहुधा कोणाकडेच नसतो, गळती एकदा झाली की दहा वेळा हेही कळत नाही, आणि शेकडो नळ्या ठोकायला ना जागा असते ना तरतूद. अशा ठिकाणासाठी ओरेगॉन राज्य विद्यापीठाच्या जोनाथन इस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक युक्ती मांडली, जिची साधेपणामुळेच मला विशेष वाखाणणी करावीशी वाटते. एकच विहीर घ्यायची. त्या जागेच्या पाण्यात ठरावीक मापाचे नायट्रेट, म्हणजे जिवाणूंच्या श्वासाची सामग्री, आणि क्लोराइडसारखेच अलिप्त असे ब्रोमाइड विरघळवायचे. ते काहीशे लिटर पाणी विहिरीवाटे जलधरात सोडायचे. काही तास किंवा दिवस वाट पाहायची. आणि मग त्याच विहिरीतून ते सावकाश परत उपसत थोड्या थोड्या वेळाने नमुने घ्यायचे. समजा, सोडताना ब्रोमाइड १०० आणि नायट्रेट ५० मिलिग्रॅम होते, आणि परत आलेल्या पाण्यात ब्रोमाइड ६० व नायट्रेट १२ भरले. ब्रोमाइडची घट निव्वळ मिसळण्याची. त्याच प्रमाणात नायट्रेट ३० राहायला हवे होते. ते १२ राहिले, तेव्हा १८ मिलिग्रॅम कोणीतरी वापरले. याला वेळेने भागले की जमिनीखालच्या जिवाणूंचा प्रत्यक्ष वेग हाती येतो, तोही बाटलीतला नव्हे, त्यांच्या स्वतःच्या घरातला. ‘कोणीतरी’ म्हणजे जिवाणूच, हे ठरविण्यासाठी त्याच आवारातल्या, तेल न पोचलेल्या विहिरीत तीच चाचणी करतात. तेथे नायट्रेट ब्रोमाइडच्या जोडीनेच परत आले तर संशय पुष्कळसा फिटतो. आणखी खात्री हवी असेल तर पाण्यात ॲसिटिलीन विरघळवितात. नायट्रेटचे रूपांतर पायरीपायरीने नत्रवायूपर्यंत नेणाऱ्या जिवाणूंची शेवटची पायरी ॲसिटिलीन अडवते, आणि मग त्याच्या आधीचा नायट्रस ऑक्साइड साठत जाऊन नमुन्यात सापडतो. असा साठा जिवंत यंत्रणेवाचून होत नाही.

तरीही ही चाचणी मोजते ती श्वासाची सामग्री, भक्ष्य नव्हे, ही गोष्ट विसरता कामा नये. नायट्रेटऐवजी प्राणवायू सोडला तर तो विरघळलेल्या लोहानेही खाऊन टाकला असेल, आणि तसे झाले तर आपण गंजण्याचा वेग मोजून त्याला शुद्धीकरण म्हणत बसू. शिवाय विहिरीभोवतीच्या थोड्या अंतरापुरतीच ही साक्ष असते. म्हणून अलीकडे भक्ष्यावरच खुणा शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. कर्बाचे हलके आणि जड असे दोन स्थिर प्रकार निसर्गात एकत्र नांदतात. जिवाणूंना हलक्या कर्बाचे बंध तोडणे किंचित सोपे जाते, त्यामुळे त्यांनी चरलेल्या बेंझीनचा जो अंश मागे राहतो त्यात जड कर्बाचे प्रमाण वाढत जाते, आणि पाणी मिसळून विरळ झालेल्या बेंझीनमध्ये ते बदलत नाही. टोल्युइनबाबत तर याहून थेट खूण आहे: प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू त्याला फ्युमरेटशी जोडून बेन्झाइलसक्सिनेट नावाचा पदार्थ बनवितात, जो पेट्रोलमध्ये मुळात नसतोच. तो विहिरीत सापडला की तो हस्ताक्षरासारखा ओळखावा. आणि जमिनीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड तेलाचा की झाडांच्या मुळांचा, याचा निर्णय किरणोत्सारी कर्ब देतो, कारण कोट्यवधी वर्षे पुरलेल्या तेलात तो कणभरही शिल्लक नसतो.

आरंभी सांगितलेल्या हॅनाहन येथे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांना आढळले की तेथले जिवाणू कोणी न सांगताच इंधन खात होते. पण पोषण अपुरे पडल्यामुळे वेग कमी होता. जे जन्मतः तेथे आहे त्याला हुसकावून नवे काही आणण्याऐवजी त्यालाच खाऊपिऊ घालावे, अशी तजवीज झाली, आणि १९९२ साली दूषित मातीवर पाझर-वाफे करून त्यांतून पोषक द्रव्ये खाली सोडण्यास आरंभ झाला. १९९३च्या अखेरीस वस्तीखालची दूषितता ७५ टक्क्यांनी घटली होती. उरलेल्या २५ टक्क्यांची बातमी सहसा कोणी सांगत नाही, आणि त्या २५ टक्क्यांतच वाळूच्या फटींत अडकलेले, जिवाणूंना न पोचणारे तेल असते.

ही सर्व उदाहरणे वाळूची आहेत हे महाराष्ट्रातल्या वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावे. वाळूत पाणी सर्वांगाने झिरपते, म्हणून एका विहिरीवरून शेजारच्या पाण्याचा अंदाज बांधता येतो. आपला काळा पाषाण तसा नाही. त्यात पाणी भेगांतून आणि मुरमाच्या थरांतून वाहते, आणि दोन भेगांमधला खडक जवळजवळ कोरडा ठणठणीत असतो. अशा ठिकाणी एखादी विंधन विहीर तेलाच्या वाटेपासून काही हातांवर असूनही स्वच्छ पाणी देऊ शकते, आणि सोडलेले ब्रोमाइड एखाद्या भेगेतून निसटून परत न येण्याचा संभव मोठा. परदेशी अहवालातले वेग उचलून ट्रॉम्बेच्या किंवा दख्खनच्या इतर एखाद्या कारखान्याच्या आवाराला लावणे म्हणजे निव्वळ धाडस होय.

जिवाणूंना काहीही न देता, नुसते पाहत राहिले तर काय होते, याचा सर्वांत दीर्घ दाखला मिनेसोटा राज्यातील बेमिजी गावाजवळ आहे. २० ऑगस्ट १९७९ रोजी तेथे कच्च्या तेलाचा नळ फुटून सुमारे १७ लाख लिटर तेल सांडले. जे गोळा करता आले, जाळता आले, उपसता आले ते काढल्यावरही सुमारे चार लाख लिटर जमिनीत राहिले, आणि १९८३ पासून भूगर्भ सर्वेक्षण खात्याने ती जागा अभ्यासासाठी राखली. प्राणवायू संपल्यावर तेथे लोहावर श्वास घेणाऱ्या जिवाणूंचे राज्य सुरू झाले. ही रीत सिद्ध करणारा जिओबॅक्टर हा जिवाणू डेरेक लव्हली यांना १९८७ साली पोटोमॅक नदीच्या गाळात सापडला होता, आणि बेमिजीच्या वाळूतही तेलातले सुगंधी पदार्थ लोहाच्या साह्याने तुटतात हे लवकरच दिसून आले. बेंझीनचा पट्टा तेलाच्या थरापासून फार दूर गेला नाही, हे या मंडळींचेच कर्तृत्व. परंतु अर्धवट पचलेल्या सेंद्रिय पदार्थांचा पट्टा बेंझीनच्या कितीतरी पुढे गेलेला आढळला, आणि बेंझीनच मोजायचे असे ठरविलेल्या चाचणीला तो कधीच दिसला नसता. पुढे आणखी एक गोष्ट उघडकीस आली. मातीच्या कणांवरच्या लोहाच्या लेपात निसर्गतःच थोडे आर्सेनिक बांधलेले होते. जिवाणूंनी लोह विरघळविले तसे तेही सुटले आणि पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट प्रमाणात पाण्यात उतरले. पट्ट्याच्या पुढच्या टोकाशी, जेथे लोह अद्याप शाबूत आहे, तेथे ते पुन्हा मातीला चिकटते. पण ते टोक पुढे सरकत असते, आणि म्हणून बेमिजीच्या विहिरींतून आता बेंझीनबरोबर आर्सेनिकचेही नमुने घेतले जातात.